चुनेगच्ची म्हणजे पक्के

सिमेंटचे ते पक्के आणि चुन्याचे ते कच्चे, हे समीकरण आज कोकणकिनाऱ्यावर इतके रुजले आहे की त्याला पुरावा मागण्याची गरजही कोणाला वाटत नाही. अलिबागहून रेवदंड्याकडे जाताना लागणारी आक्षी, नागाव, चौल ही अष्टागरातील गावे नारळी-पोफळीच्या वाड्यांत वसलेली आहेत. या पट्ट्यातील जुन्या विहिरींचे कठडे, घरांची जोती आणि देवळांच्या भिंती ज्या चुन्याने सांधल्या गेल्या, त्या चुन्यावर सिमेंटचा थर चढवणे म्हणजेच जीर्णोद्धार, अशी समजूत आता दृढ झाली आहे. दरजांतला चुना थोडा झडला की गवंडी बोलावायचा, उरलेला चुना खरवडून काढायचा आणि त्या जागी सिमेंट भरायचे, हा जणू निर्विवाद शहाणपणाचा मार्ग मानला जातो. हा मार्ग शहाणपणाचा नाही, आणि ज्या मतावर तो उभा आहे ते मत रसायनशास्त्राच्या, बांधकामाच्या आणि इतिहासाच्या कोणत्याही कसोटीवर टिकत नाही.

हे मत पाच विधानांत मांडता येते. चुना ताकदीने दुबळा आहे. समुद्राच्या खाऱ्या हवेत आणि कोकणच्या पावसात तो टिकत नाही. सिमेंटच्या शोधानंतर त्याचे काम संपले. तो कमालीचा वेळखाऊ असल्याने आजच्या काळात परवडत नाही. आणि इतके असूनही जी जुनी बांधकामे उभी आहेत ती चुन्यामुळे उभी नाहीत, तर आता हरवून गेलेल्या कुठल्याशा गुप्त मसाल्यामुळे उभी आहेत. या पाचांपैकी एकही विधान चुन्याच्या गुणधर्मांची चौकशी करून केलेले नाही. म्हणून प्रतिवादाआधी चुना म्हणजे काय, हेच स्पष्ट करणे भाग आहे.

चुनखडीचा दगड आणि समुद्रातले शिंपले हे दोन्ही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे बनलेले असतात. ते भट्टीत सुमारे 900 अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की त्यांतून कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो आणि मागे कॅल्शियम ऑक्साइड उरते. यालाच कळीचा चुना किंवा चुनकळी म्हणतात. 100 ग्रॅम शुद्ध कार्बोनेटमधून 56 ग्रॅम चुनकळी हाती येते आणि 44 ग्रॅम वायू हवेत जातो. हा वायू साध्या हवेहून वेगळा आहे, हे स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅक यांनी 1750 नंतरच्या दशकात दाखवले आणि 1808 मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी चुन्यातून कॅल्शियम हा धातू वेगळा काढला, तेव्हा हजारो वर्षे वापरात असलेली ही पांढरी कळी एका धातूचे ऑक्साइड आहे हे सिद्ध झाले. चुनकळी 2600 अंशांच्या आसपास वितळते, इतकी ती उष्णतेला चिवट आहे. मात्र पाण्यापुढे ती क्षणभरही स्वस्थ राहत नाही. 56 ग्रॅम चुनकळी 18 ग्रॅम पाणी शोषून घेते, फुगते, फुटते, वरचे पाणी उकळवील इतकी उष्णता बाहेर टाकते आणि तिचा विरलेला चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, तयार होतो. हा विरलेला चुना वाळूत कालवून भिंतीत घातला की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत घेतो आणि पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट बनतो. दगडाचा चुना होतो आणि चुन्याचा पुन्हा दगड होतो. ज्या पदार्थाचा शेवट दगडात होतो त्याला कच्चा म्हणण्याचा आधार कोणता?

आता पहिले विधान, दुबळेपणाचे. साध्या चुन्याचा मसाला दर चौरस मिलिमीटरला साधारण 1 ते 2 न्यूटन दाब सोसतो आणि भरपूर सिमेंट घातलेला मसाला 10 न्यूटनांच्याही पुढे जातो, हे खरे आहे; परंतु हे आकडे पुढे करणारे भिंतीवर प्रत्यक्षात किती दाब येतो, हा प्रश्न विचारतच नाहीत. काळ्या दगडाच्या बांधकामाचे वजन घनमीटरला सुमारे 2600 किलो धरले, तर 7 मीटर उंचीच्या, म्हणजे दुमजली घराच्या, भिंतीच्या पायथ्याशी तिच्या स्वतःच्या वजनाचा दाब चौरस मिलिमीटरला जेमतेम 0.18 न्यूटन भरतो. छप्पर, तुळया आणि माणसांचा भार मिळवून तो दुप्पट झाला तरी चुन्याच्या क्षमतेच्या निम्म्याहून कमीच राहतो. मग उरलेली ताकद कोणासाठी विकत घ्यायची? नागावच्या वाडीतले कौलारू घर हा वीस मजली मनोरा नाही, आणि मनोऱ्याची गरज घराच्या माथी मारणे याला अभियांत्रिकी म्हणता येत नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे दगडी भिंतीत मसाल्याचे काम केवळ दाब सोसण्याचे नसते. वाळूवर उभारलेली भिंत पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात किंचित हलते, फुगते, आकसते. नरम मसाला ही हालचाल बारीक सुटसुटीत रेषांत वाटून घेतो, तर कडक मसाला ती झिडकारतो आणि मग तडा एकदम दगडातून किंवा विटेतून जातो. चुन्यात पडलेली केसासारखी भेग पुष्कळदा आपोआप बुजते, यामागेही गूढ काही नाही. विरलेला चुना पाण्यात अगदी थोडा, लिटरला दीड-पावणेदोन ग्रॅम इतकाच विरघळतो; भेगेत शिरलेले पाणी तेवढा चुना सोबत घेते, आणि पाणी सुकताना तो कार्बोनेटचे स्फटिक होऊन भेगेच्या कडांवर बसतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी 2023 च्या जानेवारीत प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्राचीन रोमन काँक्रीटमधील चुन्याच्या पांढऱ्या गाठींचा हाच गुण दाखवून दिला; त्या पद्धतीने चुनकळी घालून केलेल्या नव्या ठोकळ्यांतील भेगा वाहत्या पाण्याखाली दोन आठवड्यांत बुजल्या. आपली जखम आपण भरून काढणाऱ्या पदार्थाला दुबळा म्हणायचे आणि एकदा तडकला की कायमचा तडकलेल्या थराला मजबूत म्हणायचे, हा शब्दांचा उलटा वापर झाला.

दुसरे विधान असे की खारे वारे आणि पाऊस यांच्यापुढे चुना टिकत नाही. या विधानाला उत्तर देण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. नागावच्या दक्षिणेला मुरूडच्या समुद्रात छत्रपती शिवाजी महाराजांनी उभारलेला पद्मदुर्ग आहे. लाटांच्या साडेतीनशे वर्षांच्या माऱ्याने त्याच्या तटाचे दगड झिजून आत गेले आहेत आणि दरजांतला चुना मात्र मधमाश्यांच्या पोळ्याच्या भिंतींसारखा बाहेर उभा राहिला आहे. खाऱ्या पाण्याने दगड खाल्ला आणि चुना ठेवला, हे दृश्य रायगड जिल्ह्यातच डोळ्यांसमोर असताना चुना समुद्रापुढे टिकत नाही असे कोणत्या धैर्याने म्हटले जाते? नागावच्या दक्षिणेलाच, अगदी जवळ, रेवदंड्यात पोर्तुगीजांची तटबंदी आणि सातखणी नावाने ओळखला जाणारा मनोरा आहे. 1740 मध्ये पोर्तुगीजांनी हा मुलूख सोडला. त्यानंतर पावणेतीनशेहून अधिक पावसाळे उलटले, तरीही चुन्याने सांधलेले ते उंच अवशेष उभे आहेत.

यावर अलिबागच्या कुलाबा किल्ल्याचा दाखला उलट बाजूने दिला जातो. त्या किल्ल्याच्या तटात मोठमोठे दगड चुन्याशिवाय एकावर एक रचलेले आहेत. चुना समुद्रात निरुपयोगी असल्याचे जुन्या लोकांनाही माहीत होते, असा निष्कर्ष त्यातून काढला जातो. वास्तविक हा दाखला चुन्याच्या बाजूचाच आहे. जिथे लाट थेट आदळते तिथे दगडांमधल्या फटींतून पाणी शिरून तिचा जोर मोडावा म्हणून सांधे मोकळे ठेवले गेले, आणि जिथे भिंत एकसंध हवी तिथे चुना वापरला गेला. एकाच शतकात, एकाच किनाऱ्यावर कुलाब्याला कोरडी रचना आणि पद्मदुर्गाला चुन्याचे सांधे योजणारे लोक आपले साहित्य नीट ओळखत होते. ओळख हरवली आहे ती सगळीकडे एकच पोते रिकामे करणाऱ्या आजच्या सवयीत.

खाऱ्या हवेचा खरा प्रश्न वेगळाच आहे आणि तो चुन्यापेक्षा सिमेंटला अधिक जड जातो. जमिनीतली ओल भिंतीतून वर चढते आणि तिच्याबरोबर मीठही चढते. ओल जिथून बाहेर पडते तिथे मिठाचे स्फटिक धरतात आणि फुगताना आजूबाजूचे कण फोडतात. चुन्याचा सांधा सच्छिद्र असल्याने ओल त्याच्यातून बाहेर पडते, मीठ तिथेच धरते, झीज सांध्याची होते आणि काही वर्षांनी तो पुन्हा भरता येतो. सिमेंटने दरजा बंद केल्या की ओलीला वाट उरते ती फक्त दगडातून किंवा जांभ्यातून, आणि मग मिठाचा सगळा मारा त्याच्यावर पडतो. सिमेंटचा सांधा शाबूत आणि भोवतीचा दगड भुगा झालेला, असे चित्र दिसले की दोष दगडाला दिला जातो. दगड मुळीच बदललेला नाही. त्याचा श्वास कोंडण्यात आला आहे. घराच्या आतल्या भिंतींना पोपडे येतात, त्यांवर पुन्हा सिमेंटचा गिलावा होतो, ओल आणखी वर चढते आणि खर्चाचे चक्र थांबत नाही.

तिसरे विधान, सिमेंटने चुन्याचे काम संपवले हे, तर रसायनशास्त्राच्या प्राथमिक माहितीपुढेही उभे राहत नाही. सिमेंट चुन्यापासूनच बनते. जोसेफ ॲस्पडिन यांनी 1824 मध्ये इंग्लंडमध्ये ज्या पोर्टलँड सिमेंटचे पेटंट घेतले त्याचा कच्चा माल चुनखडी आणि चिकणमाती हाच होता, आणि आजच्या सिमेंटच्या पृथक्करणातही 60 ते 67 टक्के भाग कॅल्शियम ऑक्साइडचाच भरतो. फरक इतका की चुन्याला सुमारे 900 अंश पुरतात आणि सिमेंटची भट्टी 1450 अंशांच्या आसपास तापवावी लागते. सिमेंट घट्ट होताना त्यातून पुन्हा विरलेला चुना सुटतो आणि तोच काँक्रीटला तीव्र अल्कधर्मी ठेवतो. आतल्या लोखंडी सळईवर जे पातळ संरक्षक आवरण धरते आणि तिला गंजण्यापासून वाचवते, ते याच अल्कधर्मी वातावरणामुळे. म्हणजे ज्या काँक्रीटच्या बळावर चुन्याला निवृत्त केले जाते त्या काँक्रीटमधले लोखंड चुन्याच्याच आश्रयाने जगते.

हा आश्रय समुद्रकिनारी लवकर सुटतो. हवेतले क्लोराइड सळईपर्यंत पोचले की ते आवरण फुटते, लोखंड गंजते, गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा मागतो आणि भोवतालचे काँक्रीट ढलप्यांनी सुटू लागते. याच कारणासाठी भारतीय मानक आयएस 456 समुद्रकाठच्या हवेला उघड्या असलेल्या काँक्रीटला तीव्र परिस्थितीत गणते, सळईवर किमान 45 मिलिमीटरचे आच्छादन आणि किमान एम 30 प्रतीचे काँक्रीट मागते. नागावसारख्या किनारी गावात एखादी खोली किंवा सज्जा बांधताना या अटींची चौकशी होते का? ज्या साहित्याला किनाऱ्यावर इतकी कडक शिस्त लागते ते शिस्तीशिवाय वापरायचे आणि त्याला पक्के म्हणायचे. ज्या चुन्याच्या भिंतीत गंजायला लोखंडच नाही तिला कच्चे म्हणायचे. यात विचार कुठे आहे?

चौथे विधान वेळेचे आहे आणि त्यातला थोडा भाग मान्य करायला हरकत नाही. चुना सावकाश घट्ट होतो. हवेतला वायू आत मुरायला आठवडे आणि जाड भिंतीत वर्षेही लागतात. चुनकळी विरवून ती ओली मुरवत ठेवावी लागते, मसाला नीट मळावा लागतो, आणि गिलावा उन्हात भराभर सुकू न देता ओलसर राखावा लागतो. चुनकळी विरवताना उडणारा थेंब डोळ्याला कायमची इजा करू शकतो, म्हणून ते काम जाणत्या हातांनी आणि डोळ्यांना झाकण लावूनच व्हायला हवे. पण सावकाशपणा हा दोष केव्हापासून ठरला? आणि सावकाशपणावर उपायही जुनाच आहे. भाजलेल्या विटांचा चुरा, म्हणजे सुरखी, चुन्यात मिसळली की तिच्यातली सिलिका चुन्याशी संयोग पावते आणि मसाला पाण्याखालीही घट्ट होतो. रोमन लोक ज्वालामुखीच्या राखेकडून जे काम करून घेत तेच इथे सुरखीने होते. नरम चुना, सुरखीचा चुना, बारीक गिलाव्याचा चुना, असे हवे तितके कमी-अधिक कडक मसाले एकाच कळीपासून करता येतात. घराच्या भिंतीला नरम आणि पाण्याच्या टाक्याला कडक, ही निवड गवंड्याच्या हाती होती आणि आजही असू शकते.

पाचवे विधान वरवर चुन्याचा गौरव करते, म्हणून ते सर्वांत घातक आहे. जुन्या बांधकामांचे रहस्य गूळ, उडीद, हिरडा, बेलफळ अशा वस्तूंच्या हरवलेल्या प्रमाणात दडले होते, असे सांगितले की ऐकणारा भारावतो आणि मग निश्चिंतपणे सिमेंट आणायला जातो, कारण हरवलेली विद्या परत कशी आणणार? या वस्तू वापरल्या जात होत्या यात शंका नाही. परंतु त्यांचे काम समजण्यापलीकडचे नव्हते. साखरेच्या पाण्यात चुना अधिक विरघळतो, डिंकासारख्या चिकट पदार्थांनी मसाल्यात पाणी अधिक काळ टिकते, काथ्या आणि ताग यांच्या तंतूंनी गिलावा तडकत नाही. ही सगळी साहाय्यके आहेत. बंध चुन्याचाच. गडकोटांवर आजही दिसणारे चुन्याचे घाणे, वर्तुळाकार खोल चर आणि त्यात बैलांनी फिरवायचे जड दगडी चाक, हे रहस्य उघड्यावर सांगतात: चांगली भाजलेली कळी, पुरेसे मुरवणे आणि कंटाळा न करता मळणे. ज्या कोकणात चुनखडीचा खडक दुर्मीळ, तिथे शिंपले भाजून कळी केली गेली. किनाऱ्यावरचा शिंपला, रेती आणि माणसाची मेहनत यांतून जे उभे राहिले त्याला जादू म्हणणे म्हणजे त्या मेहनतीचा अपमान करणे होय.

चुन्याचे काम संपले असे मानणाऱ्यांनी नागावच्या वाडीतच थोडे उभे राहून पाहावे. पावसाळ्यात पोफळीला कोळे रोग लागून कोवळी सुपारी गळते. त्यावर मृगाआधी फवारले जाणारे एक टक्का बोर्डो मिश्रण म्हणजे 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना आणि 100 लिटर पाणी. फ्रान्समधील द्राक्षमळ्यांसाठी मिलार्दे यांनी 1885 मध्ये पुढे आणलेल्या या मिश्रणात मोरचुदाची आम्लता मारून पानांना भाजण्यापासून वाचवण्याचे आणि तांब्याला पानाफळांवर चिकटून राहण्याजोगे रूप देण्याचे काम चुना करतो. मिश्रणात लोखंडी पाते बुडवून त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, ही परीक्षा रसायनशास्त्राचे पुस्तक न वाचलेला बागायतदारही करतो. कोकणच्या आम्लधर्मी जमिनीची आम्लता चुन्याने कमी होते. साखर कारखान्यात उसाचा रस चुन्याने निवळतो, पोलादाच्या भट्टीत चुना सिलिकेसारखी अशुद्धी मळीत ओढून घेतो, चामड्यावरचे केस चुन्यात सुटतात, आणि शाळेत श्वासातला कार्बन डायऑक्साइड ओळखण्यासाठी मूल ज्या नळीत फुंकर घालते तिच्यात चुन्याचीच निवळी असते. ती निवळी दुधाळ होते, तेव्हा त्या मुलाच्या डोळ्यांसमोर भिंतीत वर्षानुवर्षे चालणारीच क्रिया क्षणात घडून जाते. ज्या पदार्थाशिवाय वाडी, कारखाना आणि शाळा चालत नाही तो केवळ भिंतीतच कालबाह्य कसा होतो?

चुना तयार करतानाही इंधन जळते आणि वायू हवेत जातो, हे नाकारण्याचे कारण नाही; पण कार्बोनेटमधून गेलेला वायू भिंतीतला चुना मुरताना बऱ्याच अंशी परत घेतो, आणि त्याची भट्टी सिमेंटच्या भट्टीपेक्षा साडेपाचशे अंश थंड असते. जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनातला 7 ते 8 टक्के वाटा सिमेंटचा असताना, जिथे चुना पुरतो तिथेही सिमेंट वापरणे ही चैन आहे. तिची किंमत पुढच्या पिढ्या मोजतील, आणि किनाऱ्यावरच्या गावांना ती सर्वांआधी मोजावी लागेल.

उंच इमारतीला, पुलाला, धरणाला सिमेंट काँक्रीट लागते, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो दगडाच्या आणि जांभ्याच्या जुन्या भिंतीबद्दल, विहिरीच्या कठड्याबद्दल, देवळाच्या जोत्याबद्दल. आणि तिथे उत्तर एकच आहे. चुन्याने बांधलेल्या भिंतीची दुरुस्ती चुन्यानेच झाली पाहिजे. तिच्या दरजांत सिमेंट भरणे हा जीर्णोद्धार नाही, तो त्या भिंतीचा सावकाश नाश आहे, आणि तो अज्ञानातून होत असला तरी नाशच आहे. हे काम करणाऱ्या गवंड्यांना चुना विरवण्याचे, मुरवण्याचे आणि मळण्याचे शिक्षण मिळाले पाहिजे, आणि दुरुस्तीसाठी पैसा देणाऱ्या प्रत्येक समितीने आधी विचारले पाहिजे की भिंत कशाने बांधलेली आहे.

मराठी भाषेला हे उत्तर कधीच माहीत होते. मजबूत, कायमच्या, पिढ्यान्‌पिढ्या टिकणाऱ्या बांधकामाला मराठीत शब्द आहे तो चुनेगच्ची. हा शब्द घडवणाऱ्यांनी पक्केपणाची व्याख्या भिंतीकडे पाहून केली होती, पोत्यावरच्या छापाकडे पाहून केली नव्हती. पद्मदुर्गाच्या तटावर दगड झिजून गेल्यावरही उभा राहिलेला पांढरा सांधा त्या व्याख्येचा साक्षीदार आहे. चुनेगच्ची म्हणजे पक्के. जे या किनाऱ्यावर साडेतीनशे वर्षे खाऱ्या पाण्यात सिद्ध झाले आहे, ते कच्चे ठरवण्याचा अधिकार पन्नास वर्षांत ढलपे सोडणाऱ्या सज्ज्यांना नाही.